बारदान वजा जाता

साहेबांच्या वाढदिवसाला कांदेतुला ठरली
आणि काटा बघायला मला बोलावलं.
मी ढेबे. मापाडी. तुर्भे, कांदा-बटाटा, डी पाकळी.
एकतीस वर्षांत काटा माझं ऐकायला लागला,
असं हैबती म्हणतो. तसं नसतं.
काटा कुणाचंच ऐकत नाही,
म्हणून तर त्याला कधी कुणी फेटा बांधत नाही.

गोदामातून जुना तराजू काढला, साखळ्यांचा.
एका पारड्यात गादी, गादीवर साहेब,
दुसऱ्यात निवडलेला उन्हाळ कांदा.
गळ्यात अकरा हार, शेला, फेटा, मांडीवर गदा.
मी विचारलं, बारदान वजा धरायचं का?
सगळे हसले. साहेबही हसले.
माणूस हसतमुख आहे, ते नाकारून चालणार नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या दहाव्याला खाडीवर आले होते,
चपला काढून, कावळा शिवेपर्यंत थांबले.
कोपरखैरण्याच्या बागेत त्यांच्या नावाची सात बाकं आहेत.
हे लिहितोय ते त्यातल्याच एकावर बसून.

पण शलाकानं, म्हणजे माझ्या मुलीनं,
विधानसभेच्या कामकाजाची पानं छापून आणली,
पानाला दोन रुपये.
डिसेंबर, नागपूर, रात्रीचे नऊ वीस.
विधेयक आमचं होतं. हमालाचं, वारणाराचं, माझं.
ज्या गाळ्यावर पन्नासाच्या आत माणसं
त्या गाळ्याला कायदा लागू नाही,
असं एक वाक्य मध्येच सारलेलं.
अहो, अख्ख्या पाकळीत पन्नास माणसांचा गाळा
मी पाहिलेला नाही. उंदीर धरले तर होतील.

मग ओळ येते:
विधेयक मतास टाकण्यात आले व संमत झाले.
बस.
कोण हो म्हणालं, कोण नाही, कोण चहाला बाहेर होतं,
कसलीच चिठ्ठी फाटलेली नाही.
आवाजी मतदान.
आवाज तोलला कुणी? कुठल्या काट्यावर?
मापाडी कोण होता?

साहेबांचं नाव आम्ही पानन् पान शोधलं.
दोनदा सापडलं. एकदा शोकप्रस्तावात,
एकदा गतिरोधकाच्या प्रश्नात.
गतिरोधक झाला, तेही सांगून टाकतो.

बाजारात पूर्वी हत्ता चालायचा.
रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव,
मालाचा धनी समोर उभा
आणि ठरलं काय ते त्यालाच ठाऊक नाही.
ते मोडलं. आता लिलाव ओरडून होतो,
घसा बसेपर्यंत,
पण प्रत्येक हाकेमागे पेन्सिल चालते.
सडक्या गोणीचीसुद्धा पावती फाडतो आम्ही.

तर, पारडी बरोबर झाली.
टाळ्या चालू असताना मी वाकलो, म्हटलं,
साहेब, डिसेंबरात, नऊ वीसला,
तुम्ही हो म्हणालात का नाही?
तेवढ्यात माळ लागली फटाक्यांची.
त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे.
त्यांनी माझा हात घेतला, दोन्ही हातांत,
शेल्याचं टोक वर पडलं
आणि आत माझी दोन बोटं दाबली.

दोन बोटं.
हत्त्यात दोनाचे वीस होत, दोनशेही होत,
जिन्नस बघून समजायचं.
हैबती म्हणतो, माया. शलाका म्हणते, दम दिला.
मी अजून जिन्नसच ओळखतोय.

संध्याकाळी वही लिहिली.
एकूण ब्याण्णव किलो चारशे.
बारदान, हार-फेटा-गदा धरून, सहा सातशे.
निव्वळ पंच्याऐंशी सातशे.
भावाचा रकाना कोरा ठेवला, खाली सही केली.

कोरा रकाना आमच्याकडे चालत नाही.
बाजार समितीचा निरीक्षक आला
तर दंड मला होईल.